टाचेखाली उशी

९ मार्च

मोजपट्टी,

वर ‘प्रिय’ लिहिलं होतं, ते खोडलं, मग खाडाखोड दिसायला नको म्हणून कागदच बदलला. फोनवर तू मला बंद करून टाकलंयस. कागद तसा बंद करता येत नाही. फाडता येतो, पण फाडण्याआधी तो हातात घ्यावा लागतो. घेतलायस ना? मग वाच.

काल तू बाबांचा पाय मोजलास. तुझ्या पेशंटांच्या यादीत त्यांचं नाव दिसलं तेव्हा तुझं काय झालं असेल याचा मी आठवडाभर विचार करत होतो, आणि तू दार उघडून काय म्हणालीस? “नातेवाईकांनी बाहेर थांबा.” नातेवाईक! फिजिओथेरपीच्या कॉलेजात एका बाकावर बसून एकाच सांगाड्याची हाडं पाठ केली आपण, आणि मी नातेवाईक. बरं, तुझ्या तोंडून माझ्यासाठी कुठलं तरी नातं निघालं, तेवढ्यावर समाधान मानतो.

तुला हकीकत कुणी सांगितली नसेल. जानेवारीत बाबा एका शाळेच्या वरच्या मजल्यावर खिडकीची काच बसवत होते. शिडी घसरली. काच छातीशी धरली होती, ती तशीच धरून खाली आले. काचेला चरा नाही, आणि उजव्या मांडीचं हाड गुडघ्याच्या जरा वर मोडलं. रुग्णवाहिकेत मला म्हणतात, “ती काच बसवून ये आधी. माप बरोबर आहे, वाया घालवू नकोस.” अशा माणसाला काय बोलणार?

मोठ्या डॉक्टरांनी हाडावर प्लेट ठेवून स्क्रू मारले. मग त्या जाड चष्म्याच्या सिस्टर कागद घेऊन आल्या, की असा असा अभ्यास चालू आहे, यायचं का. तुझाच प्रबंध, तुला काय सांगणार! एका गटानं पायावर लगेच भार द्यायचा, दुसऱ्यानं तीन महिने पाऊल नुसतं टेकवायचं आणि भार कुबड्यांवर सोडायचा. कोण कुठल्या गटात, ते चिठ्ठी ठरवणार. माझं डोकं फिरलं. “चिठ्ठ्या टाकून माणसाचा पाय ठरवता?” हे वॉर्डच्या पार टोकापर्यंत ऐकू गेलं असणार. सिस्टर म्हणाल्या, “कुठलं चांगलं ते माहीत असतं तर चिठ्ठी कशाला टाकली असती?” मी आणखी बोलणार होतो, तोवर बाबांनी सही करूनही टाकली. त्यांना कुबड्यांचा गट आला. शेजारच्या खाटेवरच्या ड्रायव्हरकाकांना चालण्याचा. आमचं नशीब बघ, चिठ्ठीतसुद्धा मागे राहायचं.

काल बाबा तुझ्या खोलीतून बाहेर आले ते चेहरा असा करून, जणू तूच त्यांची पोर आहेस. “तीच आहे रे. ओळख नाही दाखवली तिनं. पण टाच हातात घेण्याआधी स्वतःचे हात चोळून गरम केले.” मी म्हटलं, सगळ्यांनाच करत असेल. ते म्हणाले, “करू दे की.”

तुझ्या खोलीच्या दाराची दुधी काच खालच्या कोपऱ्यात सुटलीय. तिथली पुट्टी गळून पडलीय. बाबांनी जाता जाता ती बोटानं दाबून बघितली. त्या फटीतून तुझा आवाज बाकापर्यंत येतो. म्हणून ती कुणी दुरुस्त करू नये असं मला वाटतं.

आणखी एक. मी कॉलेज सोडलं तेव्हा तू आमच्या दारात उभी राहून म्हणालीस, “तू कुठलीच गोष्ट शेवटाला नेत नाहीस.” त्या वेळी बाबा आत कडीला तेल घालत होते. त्यांनी ऐकलं नसावं. मी तसंच धरून चाललोय, त्यांनी कधी विषय काढला नाही.

एकदा भेट. हॉस्पिटलच्या बाहेर कुठेही. मी ओरडणार नाही. ओरडलो तर ऊठ आणि चालायला लाग.

काडेपेटी
(हे नाव तूच ठेवलंयस, आता नाकारू नकोस.)


१२ मार्च

मोजपट्टी,

तुला पत्र मिळालं नाही. मिळणारही नाही. हेही मिळणार नाही, तरी लिहितोय.

पत्र मी सिस्टरच्या हातात दिलं. त्यांनी ते उघडलं नाही, नुसतं विचारलं, “यात वडिलांचा गट लिहिलाय?”

मी खोटं बोलायला तोंड उघडलं. खोटं बोलताना माझे कान लाल होतात हे आजवर फक्त तुला माहीत होतं. आता त्यांनाही कळलं.

“मग हे तिला देता येत नाही. माप घेणाऱ्याला गट कळला की मापात मन उतरतं. म्हणून तर धडधाकट चालणाऱ्यालाही मी चाकाच्या खुर्चीतून आत नेते, आणि कुबड्या-काठ्या सगळ्या माझ्या टेबलामागे ठेवते.”

“ते वाक्य खोडून देतो.”

“आणि पुढच्या पानावर? तुमच्यासारख्याच्या पत्रात कुठून काय सांडेल काय सांगावं.”

“माझ्यासारख्याच्या म्हणजे?”

“हे असं,” त्या म्हणाल्या. “बघा, लगेच आवाज चढला.”

मग त्यांनी सांगितलं, की तू पहिल्याच दिवशी मोठ्या डॉक्टरांना जाऊन सांगितलंस, या घराशी माझी ओळख आहे, दुसऱ्या कुणाला मोजू द्या. पण माप घेणारं दुसरं कुणी नाही. तेव्हा ठरलं, की तू मोजायचं, पण आमच्याशी मोजण्यापलीकडे एक शब्द बोलायचा नाही.

म्हणजे तो नियम होता! तू माझ्याकडे न बघता दार लावलंस तो नियम होता! मी हॉस्पिटलच्या पायऱ्या उड्या मारत उतरलो. खालच्या पायरीवर आल्यावर मनात आलं, नियम नसता तर बोलली असतीस का? तिथेच बसलो मग.

शेवटच्या पेशंटचं शेवटचं माप झालं आणि आकडे उघडले, की त्याच दिवशी सिस्टर पत्रं तुझ्या हातात देणार आहेत. कधी, विचारलं तर म्हणाल्या, “पुढच्या वर्षी. कदाचित त्याच्याही पुढच्या.” तोवर त्यांच्या ड्रॉवरमध्ये. मी म्हटलं, ठीक आहे, साठू देत. पहिल्यांदाच मी काहीतरी साठवतोय.

काडेपेटी


२ एप्रिल

मोजपट्टी,

दुकानात बसून लिहितोय. दुकान मी चालवतो असं लोकांना वाटतं. खरं म्हणजे दुकान मला चालवतं. बाबा काच कापताना बघितलं की वाटतं, यात काय आहे? हिरा एकदाच ओढायचा, मध्ये न थांबता, मग टेबलाच्या काठावर धरून हलकेच दाबायचं. मी मध्येच थांबतो, नीट चाललंय का बघतो, पुन्हा ओढतो. आणि जिथे थांबलो तिथूनच ती वाटेल तशी फुटते. हसू नकोस. हसलीस तर निदान मला ऐकू येईल अशी हस.

बाबांचं सगळं शहाणपण मापाचं. “माप घेताना खोटं बोलायचं नाही. कापताना एक सूत कमी कापायची, लाकडाला फुगायला जागा हवी.” हे मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. आई गेल्यावर घरात तेवढंच एक बोलणं नेमानं व्हायचं.

परवा दर महिन्याच्या तपासणीला ड्रायव्हरकाका भेटले. माणूस काठी फिरवत आला, टेकवत नव्हे. “काय काचवाले, अजून चार पायांवरच?” बाबा हसून म्हणाले, “घाई केली की तडकतं, काका.” “अहो आम्ही जिना चढतो आता! आमचा गटच तसा.” मी त्याला काहीतरी लागेल असं बोलणार होतो, तेवढ्यात बाबांनी माझ्या दंडाला धरलं. 

आणि ऐक, औषधवाल्याशी भांडण झालं. बाबांच्या दुखण्याच्या गोळ्या हल्ली फार लवकर संपतात. मी तावातावानं गेलो, की कमी देता का. तो म्हणाला, “अहो, पट्टी कारखान्यातून बंद होऊन येते, त्यातून मी कमी कशी देऊ?” मुद्दा बरोबर होता. तरी मी बराच वेळ भांडलो, कारण सुरू करून बसलो होतो. बाबा म्हणाले, “जाऊ दे रे, माझ्याच हातून दोन-चार घरंगळल्या असतील.”

त्यांची उजवी चप्पलसुद्धा डावीइतकीच झिजलीय. मी म्हटलं, टेकवताना पाऊल घासताय तुम्ही, टाच उचलून टेकवा. करूनही दाखवलं. शिकलो तेवढं तरी कुणाच्या उपयोगी पडू दे. ते अगदी मन लावून बघत होते.

तू हे वाचशील तेव्हा बाबा धावत असतील.

तुझा नातेवाईक


१८ एप्रिल

मोजपट्टी! मोजपट्टी!

चालले! तुझ्यासमोर चालले! तू काय लिहिलंस, किती लिहिलंस, मला माहीत नाही, मला फक्त दुधी काच दिसत होती. फटीतून तुझा आवाज आला, “काका, जमेल तेवढंच. नाही जमलं तरी चालेल.” मग काचेवर एक सावली उभी राहिली, सरळ. ती भिंतीपर्यंत गेली, वळली, परत आली. वळताना भिंतीला हात लावला नाही. मी टाळी वाजवायला हात वर केले होते, सिस्टरनी चष्म्यावरून बघितलं म्हणून डोकं खाजवलं.

मी बाबांना विचारलं, “तीन महिने पाऊल नुसतं टेकवत होता, आणि पहिल्याच दिवशी असे कसे चाललात?” म्हणाले, “पोरगी समोर होती, जोर आला.”

नंतर मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एक्स-रे उजेडावर लावला आणि जरा जवळ जाऊन बघितला. “हाड अजून धरलेलं नाही. ही फट दिसते? इथे आतापर्यंत नवीन हाडाचा पूल व्हायला हवा होता. अजून काही आठवडे भार नको.”

“बरं, डॉक्टर,” बाबा म्हणाले.

मी बोलायला पुढे झालो, तर बाबांनी टेबलाखाली माझ्या पावलावर कुबडी ठेवली. दाबली नाही, नुसती ठेवली.

तुला तर माहीतच आहे, तुझे आकडे डॉक्टरांकडे जात नाहीत आणि त्यांचे एक्स-रे तुझ्याकडे येत नाहीत. तुझ्या खोलीत चालणारा माणूस आणि त्यांच्या खोलीतली ती फट, दोन्ही बघितलेला मी एकटाच. मी गप्प बसलो. का, ते नीट सांगता येत नाही. कितीतरी दिवसांनी घरात आनंद आला होता, त्यावर आपण कशाला पाणी ओता, असं काहीतरी.

संध्याकाळी बाबा दुकानात आले. स्टुलावर बसून त्यांनी एक आरसा कापला. एका ओढीत. म्हणाले, “ती आज हसली रे. खाली मान घालून लिहीत होती, पण हसली.”

हसलीस?

काडेपेटी


२१ मे

बाबांची प्लेट तुटली.

परवा मी दुकानातून आलो. दार आतून लावलेलं होतं. दार वाजवलं. जरा जोरात. एका गिऱ्हाइकाशी वाजलं होतं, ते डोक्यात होतं. आतून “आलो, आलो” आणि पावलं. कुबड्यांची टकटक नाही, नुसती पावलं, भराभर. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, मी आणखी एकदा वाजवलं.

मग आवाज आला. हिरा ओढलेली काच काठावर धरून मोडली की येतो तसा. पडल्याचा आवाज त्याच्या नंतर.

कडी आतून होती. मी खांदा मारला, लाथा मारल्या. ते दार बाबांनीच बसवलेलं, ते कशाला हलतंय. तेच फरशीवरून सरपटत आले. हात वर करून बसल्या बसल्या कडी काढली. मी आत आलो तर त्यांचा पाय मांडीपासून भलत्याच दिशेला, आणि मला म्हणतात, “लाथा नको मारू. दाराची काच जाईल.”

लोखंडाची तार वर-खाली वाकवत राहिलं की एक दिवस तुटते. खाली हाड धरलेलं नसलं तर प्लेटचंही तेच होतं. हे आपल्याला दुसऱ्या वर्षी होतं. तू उत्तर सांगितलंस आणि मी तुझ्याकडे बघत होतो.

आणखी लिहिता येत नाही.


४ जून

मोजपट्टी,

पुन्हा ऑपरेशन झालं. तुटलेली प्लेट काढली, कमरेच्या हाडातून थोडं हाड काढून त्या फटीत भरलं, नवीन लांब प्लेट घातली. धरेल का, विचारलं तर मोठे डॉक्टर म्हणाले, “बघू.” मी म्हटलं, बघू म्हणजे काय? “म्हणजे बघू,” ते म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून पुढच्या खाटेकडे गेले. त्यांच्यावर ओरडायचं म्हणून मी तोंड उघडलं होतं. पण तो माणूस माझ्याइतकाच दमलेला दिसला.

बाबांनी आपणहून सांगितलं, पण छताकडे बघत.

“तू दुकानात गेलास की चालायचो. गोळी घेऊन. आधी भिंतीच्या कडेनं, मग खोलीच्या मधून. तिनं पहिल्यांदा पाय मोजला, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून.”

“तुम्हाला भार देऊ नका म्हणून सांगितलं होतं ना? एवढी एक गोष्ट—”

“हो.”

“मग? त्या ड्रायव्हरच्या बोलण्यावरून?”

“त्याचं काय घेऊन बसलास?” त्यांनी चादरीची घडी सारखी केली. मग म्हणाले, “तिला वाटायला नको, की या घरात सगळेच अर्धवट सोडतात.”

मी भांडायला उठलो होतो, खरंच उठलो होतो. पण समोर भांडायला कुणीच नव्हतं. प्लास्टिकच्या नळ्या लावलेला एक म्हातारा होता, ज्यानं सबंध आयुष्यात कुणाला खोटं माप दिलं नव्हतं.

“तिच्या शेवटच्या मापापर्यंत सगळं नीट झालं असतं,” ते म्हणाले, “तर तिनं तुझ्याबद्दलही दुसरं काही म्हटलं असतं.”

“तुम्ही ऐकलं होतं ते.”

“कडीला तेल घालत होतो. कान बंद करून घालतात का?”

मग त्यांनी माझं मनगट धरलं. “तिला सांगू नकोस, की मी तिच्यासाठी. ती कामातून जाईल.”

“सांगता येतच नाही, बाबा. नियम आहे.”

“मग बरंय,” म्हणाले, आणि डोळे मिटले.

मी थेट सिस्टरकडे गेलो. तुला नाही सांगायचं, पण अभ्यासाला तर सांगायला हवं. म्हटलं, “ते मार्चपासून चालत होते. चिठ्ठीनं थांबायला सांगितलेलं असताना. आता तुमच्या कागदावर लागणार, की थांबणाऱ्या माणसाची प्लेट तुटली. ते खोटं आहे. तिचा प्रबंध खोटा होईल. त्यांना दुसऱ्या गटात घाला, नाहीतर काढून टाका.”

त्यांनी सगळं नीट लिहून घेतलं. मग म्हणाल्या, “मोजले जातील ते त्यांच्याच गटात. चिठ्ठीनं जिथं टाकलं तिथंच.”

“अहो पण ते थांबलेच नाहीत!”

“आपण माणसाला थांबा म्हणतो, तो थांबतोच असं नाही. उद्या डॉक्टर आणखी कुणाला थांबा म्हणतील, तोही असाच कुणासाठी तरी उठेल. औषधाबरोबर तेही मोजायला लागतं. आपल्या सोयीनं माणसं इकडची तिकडे हलवली तर मग चिठ्ठीला काय अर्थ?”

मला कळलं नाही असं नाही. कळलं म्हणूनच राग आला. टेबलावर हात आपटला. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला, मी प्यायलो.

काल ड्रायव्हरकाका भेटायला आले. तीच काठी, पण आज टेकवत. खाटेशी बसले. मग बाबांना म्हणाले, “काचवाले, तुम्हाला एक सांगू? मी चाललोच नाही हो. मला चाला म्हणत होते, आणि माझी छाती होत नव्हती. हाड मोडल्याचा आवाज कानात होता ना. घरी सगळा वेळ पडून असायचो. फाटकापासून बाकापर्यंत तेवढा रुबाबात यायचो, तुम्ही सगळे बघता म्हणून.” त्यांचं हाड धरलंय. छान धरलंय.

बाबा हसायला लागले. टाके ओढले गेले तरी हसत होते. मग काकाही. मला दोघांना खिडकीतून खाली टाकावंसं वाटलं, आणि मग मलाही हसू आलं, आणि ते थांबेना, तेव्हा मी बाहेर जाऊन तोंड धुतलं.

एकाला चाल म्हटलं तो निजून राहिला, एकाला थांब म्हटलं तो चालत सुटला. आणि तू आत बसून दोघांचे पाय मोजत होतीस, मन लावून, हात गरम करून. माझ्या राणी, काय मोजलंस तू?


१९ जुलै

मोजपट्टी,

आज बाबांचं शेवटचं माप होतं. तुझ्या वहीत ते आता संपले.

चाकाची खुर्ची या वेळी नाटकाची नव्हती. सिस्टर त्यांना आत सोडून बाहेर आल्या आणि बाकावर माझ्या शेजारी बसल्या. काचेची फट तशीच आहे. आम्ही दोघं ऐकत होतो, आणि दोघंही ऐकत नसल्यासारखे समोरच्या भिंतीकडे बघत होतो.

“काका, जिना चढता येतो?”

“नाही.”

“कुणी धरलं तर?”

“नाही.”

“खुर्चीतून आपले आपण उठता?”

हा प्रश्न एप्रिलमध्येही होता. तेव्हा बाबा ‘हे काय’ म्हणून उठून उभेच राहिले होते, मला खुर्चीचा आवाज आठवतो. आज कुठलाच आवाज नाही. मग, “नाही जमत.”

“दुखतं का?”

“दुखतं, पोरी. खूप दुखतं.”

तुझं पेन थांबलं. पेन थांबल्याचा आवाज असतो, मला आज कळलं.

“शून्य ते दहामध्ये सांगा, काका.” तो आवाज तुझा नव्हता. मला तुझे सगळे आवाज माहीत आहेत, चिडल्याचा, खोकल्याचा, खोटं झोपल्याचा. हा नव्हता.

“तूच बघ आणि लिही की.”

“मला नाही लिहिता येत. तुमचं तुम्हीच सांगायचं असतं.”

“मग आठ लिही. मागच्या वेळी मी सांगितलं होतं ना, ते तेव्हाही—”

सिस्टर उठल्या आणि काचेवर टकटक केली. एवढंच. बाबा थांबले. त्यांनी आयुष्यात एकदाच खोटं माप दिलं, ते दुरुस्त करायला निघाले होते, आणि दुरुस्त करणंही नियमात बसत नव्हतं.

नंतर तू बाहेर आलीस. कागद छातीशी धरले होतेस. मी बाकावरून उठलो. मी काय काय बोलणार होतो! मार्चपासून साठवलेलं, पाठ केलेलं.  आणि तू, जिला माझ्याशी बोलायची बंदी, जी इतके महिने नियमानं वागलीस, तू थांबलीस आणि जमिनीकडे बघत म्हणालीस,

“गुडघा सरळ होत नाहीये. खाली उशी ठेवतोस ना? ठेवू नकोस. टाचेखाली ठेव.”

नेमक्या त्याच वेळी सिस्टरनी चष्मा काढून पुसायला घेतला.

तू गेलीस. मी तिथेच उभा. उशीचं मला माहीत होतं, मोजपट्टी. पहिल्याच वर्षी शिकवतात ते. पण बाबा विव्हळायला लागले की मी उशी गुडघ्याखाली सरकवायचो, आणि ते म्हणायचे, “हां, आता बरं.” दिवसभरात त्यांच्या तोंडून येणारा तेवढाच एक चांगला शब्द, तो मी सोडू शकत नव्हतो.

आता घरी बसून लिहितोय. उशी टाचेखाली आहे. गुडघा अधांतरी आहे आणि बाबांनी खाटेची कड धरलीय. मघापासून ते तीनदा म्हणाले, “काढ रे.” मी म्हटलं, “तिनं सांगितलंय.” तेव्हापासून गप्प आहेत. ओठ चावून गप्प आहेत. त्यांच्या हातातून खाटेची कड सोडवून माझा हात द्यावा म्हटलं, तर तेही देत नाहीत. मला काही करता येत नाही. उशी तिथे ठेवायची आणि शेजारी बसायचं, बस.

हाड धरेल की नाही, कुणी सांगत नाही. मी आता विचारतही नाही. दुकानातली शिडी मी देऊन टाकली. बाबांना अजून सांगितलेलं नाही, पण परवा त्यांनी आपणहून म्हटलं, “खालच्या मजल्याचीच कामं घेत जा.”

हे पत्र उद्या ड्रॉवरमध्ये जाईल. तू वाचशील तेव्हा सगळं होऊन गेलेलं असेल, हाड धरलेलं असेल किंवा नसेल, आणि तुझ्या प्रबंधात बाबा कुठल्यातरी एका आकड्यात बसलेले असतील. तो आकडा चुकीचा नाही म्हणे. असेल. तुला मी काही मागत नाही. आधीच्या पत्रांत जे मागितलंय ते वाचू नकोस. नाही, वाच. वाचून सोडून दे.

पण कधी आलीस, नुसती बाबांना बघायला म्हणून जरी आलीस, तर कडी वाजवू नकोस. कडी वाजली की ते अजूनही उठायला बघतात. दार आता दिवसभर नुसतं लोटलेलं असतं.